गोळी सुटताना मेंदू आणि मन कसं सांभाळायचं: घरच्यांनी पाळायचा क्रम

दहा दिवस दाखल केलं, अंग तुटायचं थांबलं, घरी आणलं. ‘आता बरा झालाय’ म्हणून दुकानाची किल्ली आणि गल्ला हातात दिला. महिनाभरात पुन्हा नशेची गोळी सुरू. ही चूक घरोघरी होते आणि खापर फुटतं त्या माणसाच्या इच्छाशक्तीवर. खरं कारण बहुतेक वेळा क्रमात असतं. शरीराचा त्रास आठ-दहा दिवसांत उतरतो. झोप बसायला काही आठवडे जातात, मन सावरायला त्याहून जास्त, आणि लक्ष, स्मरणशक्ती, निर्णयशक्ती यांना काही महिने लागतात. पहिल्या आठवड्यात स्मरणशक्ती तपासणं आणि तिसऱ्या आठवड्यात उपचार थांबवणं, दोन्ही चुकीचंच.

हा लेख अफूच्या जातीच्या सगळ्या पदार्थांबद्दल आहे: गर्द, अफू, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिनची इंजेक्शनं. कंबरदुखीसाठी सुरू झालेली आणि आता दिवसाला पंधरा-वीसवर गेलेली कॅप्सूल याच यादीत येते. ‘ती तर डॉक्टरचीच गोळी होती’ म्हणून तिला वेगळं काढू नका.

## १. दवाखान्यात जाण्याआधीची तयारी

घरच्या घरी एकदम बंद करून बघायचं आणि जमलं नाही तर डॉक्टरकडे जायचं, हा क्रम उलटा आहे. आधी भेट ठरवा, तोवर माहिती गोळा करा. वहीच्या एका पानावर एवढं लिहून न्या:

- काय घेतो, दिवसाला किती, तोंडाने की इंजेक्शनने. रिकाम्या पाकिटांचे आणि बाटल्यांचे फोटो सोबत ठेवा. एकाच नावाच्या गोळीत कधी ५०, कधी १०० मिलिग्रॅम असतात, त्यामुळे नुसतं नाव पुरत नाही.
- शेवटची मात्रा कोणत्या दिवशी, किती वाजता.
- दारू आणि झोपेच्या किंवा ‘टेन्शनच्या’ गोळ्या (अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम) सोबत आहेत का. घरचे हेच लपवतात, आणि डॉक्टरांना सगळ्यात जास्त गरज याचीच असते.
- आधी कधी फिट आली होती का, गाडीवरून पडून डोक्याला मार लागला होता का, जास्त मात्रेने बेशुद्ध पडला होता का. बेशुद्धीत मेंदूला प्राणवायू कमी पडतो, आणि पुढे स्मरणशक्तीची तक्रार आली की हा धागा उपयोगी पडतो.
- व्यसनाआधी माणूस कसा होता: किती शिकला, हिशेब कोण बघायचं, तेव्हाही उदास असायचा का. नंतरची तुलना याच नोंदीशी करायची असते.

शेवटचा मुद्दा आईला किंवा बायकोला विचारून लिहा. रोज एका घरात राहणाऱ्यांना जे दिसतं ते बाहेरच्यांना दिसत नाही.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, आधार कार्ड आणि जुने कागद सोबत घ्या. गडहिंग्लज, चंदगड किंवा शाहूवाडीहून येणार असाल तर निघण्याआधी १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत नंबरवर बोलून घ्या, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा वेगळा राष्ट्रीय नंबर आहे.

सावधान: गरोदर बाईने अफूजन्य गोळी स्वतःहून अचानक बंद करू नये, पोटातल्या बाळाला धोका होतो. तिला थेट दवाखान्यात न्या.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्र निवडत असाल तर तीन गोष्टी विचारा. केंद्राची मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, आणि घरच्यांना भेटू देतात का. साखळीने बांधणं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९५ ने बंद केलं आहे. ‘आमच्या पद्धतीने सरळ करतो’ असं उत्तर मिळालं, तर तिथूनच मागे फिरा.

## २. पहिली भेट

सोबत एकच माणूस आत जाऊ द्या. अख्खी भावकी ओपीडीत शिरली की रुग्ण खालमानेने गप्प बसतो. आपली बाजू सांगून झाली की बाहेर या, त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. आजाराची माहिती गुप्त राखणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा. पोलिसांच्या भीतीने खरी मात्रा लपवली जाते, आणि मात्रा चुकली की उपचारही चुकतात.

रक्ताच्या तपासण्यांत साधारणपणे यकृत, साखर, हिमोग्लोबिन, आणि इंजेक्शन घेणाऱ्यांत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी असतात. थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणी याच वेळी करून घेता येईल का, तेही विचारा. दोन्ही कमी असले की सुस्ती आणि विसराळूपणा येतो, आणि सगळं व्यसनाच्या खात्यावर जमा होतं.

लघवीच्या तपासणीबद्दल दोन गोष्टी. साधी ओपिएटची पट्टी मॉर्फिन, कोडीन, गर्द पकडते; ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन (उपचारात देतात ती गोळी) सहसा पकडत नाही. म्हणून ‘निगेटिव्ह आली, म्हणजे घेत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. आणि उलट बाजू: पांढऱ्या रश्श्यात खसखस असते. भरपूर खसखस खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिनचा अंश दिसू शकतो. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस खसखस टाळा, खाल्ली असेल तर सांगा. रविवारच्या जेवणावरून सोमवारी घरात भांडण नको.

## ३. पहिले दहा दिवस: फक्त शरीर

गर्दसारख्या लवकर उतरणाऱ्या पदार्थाचा त्रास शेवटच्या मात्रेनंतर ६ ते १२ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातो आणि आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो. जांभया, डोळ्या-नाकातून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, उलटी, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, मोठ्या झालेल्या बाहुल्या, डोळ्याला डोळा न लागणं. हे नाटक नसतं.

या दिवसांत घरच्यांचं काम थोडकं आहे. ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घोटघोट, भाताची पेज, ताक, अंघोळीला कोमट पाणी, शांत खोली. समजावणं, शपथा घालायला लावणं, देवळात नेऊन नारळ फोडून वचन घेणं, हे सगळं पुढे ढकला. या अवस्थेत मेंदूला ऐकलेलं धरून ठेवता येत नाही, आणि मोडलेली शपथ नंतर अपराधाचं ओझं होते.

डॉक्टर बहुधा ब्युप्रेनॉर्फिन (नॅलोक्सोनसह) ही जिभेखालची गोळी सुरू करतात. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

वेळ. त्रास स्पष्ट दिसू लागल्यावरच पहिली गोळी. गर्द किंवा साध्या कॅप्सूलनंतर किमान १२ तास. जास्त वेळ टिकणारा पदार्थ असेल तर २४ तास किंवा अधिक. अंगात आधीची मात्रा असताना ही गोळी दिली तर ती त्या पदार्थाला जागेवरून हुसकते, आणि अर्ध्या-एक तासात त्रास एकदम भडकतो. मग रुग्ण म्हणतो, ‘या गोळीनेच मारलं मला.’ शेवटची मात्रा किती वाजता घेतली, याचं खरं उत्तर म्हणून लागतं.

पद्धत. तोंडातली तंबाखू, गुटखा, मावा काढून चूळ भरा. जीभ ओली हवी. गोळी जिभेखाली ठेवून पूर्ण विरघळू द्या, ५ ते १० मिनिटं लागतात. तोवर बोलायचं नाही, पाणी नाही, थुंकी गिळायची नाही. चघळली किंवा गिळली तर औषधाचा बराच भाग वाया जातो आणि संध्याकाळपर्यंत ‘लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. विरघळल्यावर पाण्याने चूळ; दात मात्र तासाभराने घासा.

साठा. ही गोळी व्यसनमुक्ती उपचार देणाऱ्या ठिकाणाहूनच घ्या. घरात कुलपात ठेवा. लहान मुलाच्या तोंडात एक गेली तरी श्वास मंदावू शकतो.

सावधान: भास होणं, दिवस-रात्र न कळणं, फिट येणं ही अफूच्या त्रासाची नेहमीची लक्षणं नाहीत. दारू किंवा झोपेची गोळी बंद झाल्याने, नाहीतर ट्रामाडॉलमुळे असं होतं. घरी थांबू नका, १०८ बोलवा.

पडताळा, दहाव्या दिवशी: जुलाब-उलट्या थांबल्या, जेवण जातंय, रोजची गोळी ठरल्या वेळी होतेय. तिन्ही ‘हो’ असतील तरच पुढे.

## भिंतीवर लावायचा कागद

काही दिवस पदार्थ बंद राहिला की शरीराची सवय मोडते. जुनी मात्रा तेव्हा जीव घेऊ शकते. दाखल राहून आल्यावर, तुरुंगातून सुटल्यावर किंवा उपचार मध्येच सोडल्यावर पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात लावा:

1. हाक मारून, खांदा हलवून जागा होत नाही; श्वास फार मंद किंवा घोरल्यासारखा; ओठ-नखं निळी; बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. १०८ ला फोन.
2. श्वास थांबत असेल तर हनुवटी वर करा, नाक दाबा, तोंडाने दर ५ सेकंदांनी एक श्वास द्या. फोनवरचे लोक सांगतील तसं करत राहा.
3. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, उलटी घशात जाऊ नये म्हणून.
4. कांदा हुंगवणं, थंड पाणी ओतणं, मीठ-पाणी पाजणं, फिरवत ठेवणं, यात वेळ घालवू नका.
5. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलोक्सोनच्या इंजेक्शनने श्वास परत येतो. पण त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटंच टिकतो. जागा झाला म्हणून लगेच घरी आणू नका.

## ४. दुसरा ते चौथा आठवडा: झोप

झोप बसल्याशिवाय मनाबद्दल निष्कर्ष काढू नका. चार रात्री न झोपलेला कोणताही माणूस चिडचिडा, रडका आणि विसराळू दिसतो.

उठण्याची वेळ पक्की करा, झोपण्याची नव्हे. सकाळी सहा म्हणजे सहा, रात्र कशीही गेली तरी. उठल्यावर अर्धा तास उन्हात चालणं, मग तो रंकाळ्याचा काठ असो की शेताचा बांध. दुपारी तीननंतर चहा नाही. दुपारची झोप जास्तीत जास्त अर्धा तास. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत.

झोप येत नाही म्हणून ओळखीच्या मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देणं ही घरच्यांच्या हातून होणारी सगळ्यात घातक चूक आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि तसली गोळी एकत्र झाली तर श्वास दबतो, वर लक्ष आणि स्मरणशक्ती आणखी ढासळते. दारूचंही तेच.

रात्री जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकतो, दिवसा बसल्या जागी पेंगतो? मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. दिवसा डोळे मिटत असतील तर मात्रेबद्दल विचारा, आणि तोवर दुचाकी बंद.

बद्धकोष्ठ या औषधाबरोबर येतंच. पोट साफ नसेल तर झोपही नाही. पाणी, भाकरी, पालेभाजी, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं रेचक.

## ५. मनाची तपासणी

पदार्थामुळे आलेली उदासी आणि मुळातलं नैराश्य सुरुवातीला सारखंच दिसतं. साधारण चार आठवडे स्थिर गेल्यावर फरक कळू लागतो. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. दवाखान्यात दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्याला ती भरून घ्यायला सांगा. १० किंवा जास्त गुण म्हणजे डॉक्टरांनी नीट बघायला हवं. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा. उतरतोय की चढतोय हे एका आकड्यावरून कळत नाही.

चार आठवडे थांबायचं नाही असे प्रसंग: व्यसनाआधीही नैराश्य होतं, घरात कुणी आत्महत्या केली आहे, कानात आवाज येतात, किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो बोलतो. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

मरणाबद्दल सरळ विचारा. ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असेल तर १४४१६. शेतकऱ्याच्या घरात तणनाशक, कीटकनाशक आणि उरलेल्या गोळ्या कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे. हे काम ‘हो’ येण्याची वाट न बघता आजच करून टाका.

आणखी एक अवस्था असते, तिला घरचे आळस म्हणतात. मटण केलंय तरी चव नाही, तालमीत जावंसं वाटत नाही, पोराशी खेळावंसं वाटत नाही. वर्षानुवर्षं अफूने आनंदाची वाट अडवलेली असते, ती हळूहळू मोकळी होते. मन लागेपर्यंत थांबायचं नाही: आवडो न आवडो, रोज ठरलेल्या वेळी एक छोटं काम करायचं. आवड मागून येते.

नैराश्याच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका. आणि त्या चालू असताना कुणी ट्रामाडॉल घेतलं तर फिट येण्याचा धोका वाढतो. घाम, थरथर, ताप, गोंधळ दिसला तर तातडीने दवाखान्यात.

## ६. लक्ष, स्मरणशक्ती, निर्णय

आता डोक्याची पाळी, साधारण सहाव्या आठवड्यानंतर. तीन गोष्टी अडतात: एका कामावर लक्ष टिकवणं, ऐकलेलं क्षणभर डोक्यात धरून त्यावर काम करणं, आणि मोह आवरून पुढचा विचार करणं. जुन्या आठवणी बहुधा शाबूत असतात. म्हणून घरचे म्हणतात, ‘दहावीचा मास्तर आठवतो, आणि सकाळी सांगितलेलं दूध आठवत नाही, मुद्दाम करतोय.’ मुद्दाम करत नाही.

दवाखान्यात मोका नावाची ३० गुणांची दहा मिनिटांची चाचणी असते. २६ पेक्षा कमी आले तर पुढे बघतात. मात्र शिक्षण कमी असेल तर गुण तसेही कमी येतात. पहिल्या पानावर शिक्षण लिहायला सांगितलं ते यासाठी. त्या दिवशी झोप झालेली हवी, चष्मा विसरू नये. हीच चाचणी तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा करायची.

घरी आठवड्यातून एकदा साधी नोंद ठेवा: पाच वस्तू तोंडी सांगून मंडईत पाठवलं तर किती आणल्या, दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब किती वेळात, किती चुकांसह झाला. हे निदान नाही, कल कळण्यापुरतं आहे. त्याला न सांगता परीक्षा घेऊ नका, अपमान होतो.

रोजच्या व्यवहारात असं करा:

- एका वेळी एकच सूचना. ‘बँकेत जा, येताना खत बघ आणि मामाला फोन कर’ ही तीन कामं आहेत.
- किल्ली, पाकीट, औषध यांची जागा एकच. औषधाला मोबाइलचा गजर आणि कॅलेंडरवर फुली, दोन्ही.
- समुपदेशनाला तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटांचं सत्र मागा. उठताना तीन मुद्दे त्याच्याच अक्षरात वहीत लिहायला लावा. बोललेलं डोक्यात टिकत नसताना लांबलचक व्याख्यान फुकट जातं.
- पैसे आठवड्याचे, थोडे, आणि हिशेब त्याच्यासमोर. एकरकमी हातात देणं आणि एक रुपयाही न देणं, दोन्हींनी बिघडतं.
- जमीन विकणं, कर्ज, भिशीची मोठी बोली, लग्न ठरवणं: सहा महिने नाही. ‘लग्न केलं की सुधारेल’ हा उपाय तर कधीच नाही, दोन माणसं त्यात भरडतात.

कामावर परतताना आधी अर्धा दिवस, ओळखीचं काम. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीजवळ किंवा इचलकरंजीत यंत्रमागावर उभं राहण्याआधी डॉक्टरांकडून ‘पेंग नाही, मात्रा स्थिर’ असं लेखी घ्या. रात्रपाळी शक्य तितकी उशिरा सुरू करा, कारण बसवलेली झोप तीच मोडते.

पडताळा, तिसऱ्या महिन्यात: झोप ठीक, मन ठीक, तरी डोकं जागचं हलत नाही? मग थायरॉइड, बी-१२, एचआयव्ही, डोक्याचा जुना मार, चोरून चालू असलेली दारू किंवा झोपेची गोळी, हे पुन्हा तपासा. साठीपुढच्या माणसात स्मृतिभ्रंशाची वेगळी तपासणी लागते, व्यसनाच्या नावाखाली ती राहून जाते.

## ७. औषध कधी थांबवायचं

‘एका गोळीचं व्यसन सोडवून दुसऱ्या गोळीचं लावलं’ असं कुणीतरी पाहुणा म्हणतोच. रोज ठरलेल्या मात्रेत घेतलेली ब्युप्रेनॉर्फिन चढ-उतार थांबवते, आणि त्या स्थिरतेतच झोप, मन, स्मरणशक्ती सावरते. औषध कमी करायचं की नाही हा निर्णय महिन्यांनी, कधी वर्षांनी, डॉक्टर आणि रुग्ण मिळून घेतात. कमी करायचं तेही टप्प्याटप्प्याने. गळीत हंगाम सुरू झालाय, वेळ नाही, म्हणून थांबवू नका.

नाल्ट्रेक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थाचा परिणाम अडवणारी गोळी, हा दुसरा मार्ग. ती गोळी सुरू करण्याआधी ७ ते १० दिवस कोणताही अफूजन्य पदार्थ अंगात नको, आणि ती बंद केल्यावर जुनी मात्रा जिवावर बेतते. ती चालू असेल तर पाकिटात चिठ्ठी ठेवा, कारण अपघातात नेहमीची वेदनाशामक इंजेक्शनं लागू पडत नाहीत.

पुन्हा घेतलं तर? ओरडण्याआधी तीन गोष्टी विचारा: काय, किती, कधी. ते वहीत लिहा. ब्युप्रेनॉर्फिनची पुढची गोळी डॉक्टरांना फोन करून विचारल्याशिवाय देऊ नका, आणि तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा मोजायला लागा. पुढची तारीख महिन्यावर असेल तर ती अलीकडे घ्या, त्याच आठवड्यात.